हॉर्न वाजला तेव्हा

कबनूर,
१४ जुलै २०२५

दादा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही. माझं तर नाहीच नाही.

मी मेसेज टाकते, दोन निळ्या टिका पडतात आणि पुढं सगळं सामसूम. गेल्या दिवाळीला तू नुसता एक अंगठा पाठवलास. अंगठ्याला माणसानं काय उत्तर द्यायचं? म्हणून तुझ्याबरोबर राहणाऱ्या बाळासोकडून तुमच्या चाकणच्या खोलीचा पत्ता घेतला. त्याला दम दिलाय, पत्र आलं की दादाच्या हातात द्यायचं, नाहीतर तो तिकडं हेल्मेट न घालता गाडी उडवतो हे त्याच्या आईला सांगेन. गडी लगेच सरळ आला.

पण पत्राचं मूळ कारण तू नाहीस, उगाच फुगू नकोस. कारण आहेत आमचे कोरी सर. मी आता बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी स्पेशल. यंदा लेखनाचा एक पेपर आहे. घरातल्या एका माणसावर, खऱ्या घडलेल्या गोष्टीवर इंग्रजीत मोठा लेख लिहायचा आणि तो दिवाळीच्या आधी द्यायचा. सगळ्यात चांगला लेख कॉलेजच्या वार्षिक अंकात छापणार. सर गडहिंग्लजकडचे आहेत. घरी कानडी बोलतात, वर्गात इंग्रजी, आणि राग आला की मराठी. माझ्याशी ते बहुतेक मराठीतच बोलतात.

मी आण्णांवर लिहिलं. 'माय फादर इज द बॅकबोन ऑफ अवर फॅमिली' अशी सुरुवात केली. गाइडमधलं वाक्य होतं, पण शोभत होतं. सरांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "कणा दिसला. माणूस कुठाय? हे वडील कागलचे असतील, कराडचे असतील. तुझे कुठले?"

मी म्हटलं, "कबनूरचे!"

आता आपल्या घरात बोलायची पद्धत तुला माहीत आहे. घरातले चार यंत्रमाग धडाधडा चालू असताना जे ऐकू जाईल तेच बोलणं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ए, माग बंद कर की गं." मला वाटलं जमीन फाटावी आणि मी थेट एसटी स्टँडवर निघावं.

तास संपल्यावर सरांनी बोलावलं. म्हणाले, "तू कोणासाठीच लिहीत नाहीस, म्हणून ते कोणाचंच वाटत नाही. ज्याला हे कळायलाच पाहिजे असं एक माणूस धर. त्याला आधी तुझ्या भाषेत लिही. इंग्रजीचं नंतर बघू."

मी एक माणूस धरला. तो दोन निळ्या टिकांचा धनी आहे. मला भीती वाटते की तू हेही वाचून बाजूला ठेवशील. पण त्याहून जास्त भीती आहे की मला लिहिताच येत नाही आणि हे आता सगळ्यांना कळणार.

क्रांती


कबनूर,
४ ऑगस्ट

दादा,

बाळासो म्हणाला, तू पत्र वाचलंस आणि घडी घालून उशीखाली ठेवलंस. बरं वाटलं. मग लगेच वाटलं, उशीखाली ठेवून विसरलाही असशील.

आज जे लिहिणार आहे त्यानं तू चिडशील. चिडलास तरी शेवटपर्यंत वाच.

सर म्हणाले, वडिलांचे गुण सांगू नकोस, एक प्रसंग सांग. मी खूप प्रसंग आठवले. गणपतीत आण्णा नाचले होते तो, मी दहावी झाल्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले तो. पण लिहायला बसलं की पेन एकाच दिवसाकडं जायचं. तू घर सोडून चाकणला गेलास त्या दिवसाकडं.

म्हणून मी तो लिहिला. आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं. तू म्हणत होतास, जुन्या मागांत आता राम नाही, दोन भंगारात घालू आणि टेम्पो घेऊ. आण्णा म्हणाले, "मी जित्ता हाय तवर मागाला हात लावायचा न्हाई." रात्री कोणी जेवलं नाही. सकाळी तू बॅग भरलीस. तेवढ्यात लाईट गेली आणि चारही माग थांबले. मी कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होते. आई आत भाकरी करत होती. आण्णा पाठमोरे, मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होते. तू आतल्या दारात उभा राहिलास आणि हळू आवाजात म्हणालास, "आण्णा, जाऊ का? नको म्हटलासा तर ऱ्हातो."

आण्णा वळले नाहीत. बाहेर गाडीवर थांबलेल्या बाळासोनं हॉर्न दिला. तू थोडा वेळ थांबलास. मग गेलास.

मी हे ऐकलं होतं, दादा. तुला वाटत असेल कोणी ऐकलं नाही. आण्णा आल्यागेल्याला सांगतात, "पोरगं न सांगता गेलं." ते असं म्हणाले की मला इतका राग येतो की मी उठून परड्यात जाते. बापाला तोंडावर खोटारडा कसं म्हणायचं? त्या दिवसाचा विषय आपल्या घरात आपसात निघतच नाही. नंतर एकदा तू फोन केलास, तेव्हाही त्यांनी एक अक्षर न बोलता फोन आईच्या हातात दिला. मी तेव्हाच ठरवलं होतं, हे मी कधीतरी लिहिणार.

ते आता लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, माझ्या वडिलांनी आपल्या मुलाकडं पाठ फिरवली. मला वाटलं, सर खूश होतील.

सरांनी समासात लिहिलं, "पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं. पण तू साक्षीदार व्हायच्या आधीच न्यायाधीश झालीस. तिथं उभी राहा. काय दिसत होतं ते लिहिलंस, आता काय ऐकू येत होतं ते लिही."

ऐकू काय येणार? लाईट गेली होती. पण परत लिहायला बसले आहे. मला आता हा लेख नको झालाय आणि सोडवतही नाही.

क्रांती


कोल्हापूर, कॉलेजचं ग्रंथालय
२५ ऑगस्ट

दादा,

हे पत्र घरी बसून लिहिता येणार नाही म्हणून इथं लिहिते आहे. अक्षर वाकडंतिकडं येतंय, सांभाळून घे.

सरांनी सांगितलं तसं मी आवाज लिहिले. लाईट गेल्यावर आपल्या घरात किती आवाज असतात ते मला लिहिताना कळलं. आईच्या भाकरीची थापटी. पत्र्यावर चालणारा कावळा. भिंतीपलीकडं धोंडुबाईंचा टीव्ही नाही, कारण लाईट नाही, पण धोंडुबाई स्वतः आहेतच. मग तुझा आवाज. मग बाळासोचा हॉर्न. मी लिहिलं, हॉर्न वाजल्यावर वडिलांनी क्षणभर मान वर केली आणि परत खाली घातली. मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्या मानेत सगळं आलं असं वाटलं होतं.

सरांनी नेमकं त्याच्याखाली रेघ मारली. "हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी मान वर केली हे तू बघितलंस? की वाक्याला बरं दिसतं म्हणून घातलंस?"

मी म्हटलं, "बघितलं असेल, सर."

"असेल नको. बघितलं का?"

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी तो सगळा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणला. तो हॉर्न तुला आठवतो ना? ट्रकचा काढून मोटारसायकलला बसवलेला. गल्लीतली कुत्री पळायची. तो वाजला तेव्हा माझ्या हातातली कांडी पडली. आई पिठाच्या हातानं बाहेर आली. तू दचकलास. आणि आण्णा धागा जोडत होते. मान नाही, खांदा नाही, बोटंसुद्धा थांबली नाहीत. दादा, माणूस रागावलेला असला तरी एवढ्या हॉर्नला दचकतो.

हातकणंगल्याच्या पुढं एसटीत मी खिडकीवरून डोकं उचललं.

परवा दुपारी लाईट गेली तेव्हा मी आण्णांच्या मागं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आण्णा, चहा." काही नाही. थोडं मोठ्यानं म्हटलं, "आण्णा, मी नापास झाले." काही नाही. ते ताण्याचं सूत गुंडाळलेल्या बीमवर हात फिरवत होते. मग वळले, मला बघून हसले आणि म्हणाले, "काय गं? कवा आलीस?" मी नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. म्हटलं, चहा ठेवू का? ते म्हणाले, "ठेव की. आलं घाल."

त्यांना ऐकू येत नाही, दादा. कधीपासून ते माहीत नाही. आपल्याला कळलं नाही कारण आपल्या घरात कोण कानानं ऐकतंय? लहानपणापासून आपण सगळे समोरच्याचे ओठ बघूनच बोलत आलो. मागाच्या आवाजात दुसरं काय करणार? ते मोठ्यानं बोलतात, तर आपणही मोठ्यानंच बोलतो. फोन हातात घेत नाहीत, तर आपण म्हणालो, जुनं माणूस आहे. दुसऱ्या कुठल्याही घरात हे कधीच उघडं पडलं असतं. मागवाल्याच्या घरात नाही पडलं.

तू ज्या एका वेळेला आवाज खाली आणून, माग बंद असताना, त्यांच्या पाठीशी बोललास, ते त्यांच्यापर्यंत गेलंच नाही.

मी काय करू ते कळव. फक्त अंगठा पाठवू नकोस.

क्रांती


कबनूर,
१६ सप्टेंबर

दादा,

तुझा मेसेज मिळाला. 'नको त्या भानगडीत पडू नकोस, अभ्यास कर.' अरे, हाच माझा अभ्यास आहे!

तुला खरं वाटलं नाही असं बाळासो म्हणाला. तू म्हणालास, आण्णांची बाजू घेण्यासाठी क्रांती गोष्टी रचते. रचायची असती तर मान वर केली तेच वाक्य नसतं का ठेवलं? ते किती छान होतं.

आता पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात विजयसिंह शेठ आले होते. आपल्याला सूत आणि बीम तेच देतात. लाईट गेल्यामुळं माग बंद होते, आण्णा पाठमोरे तेलाची बुधली पुसत होते. शेठनी दारातूनच दोनदा हाक मारली आणि हसत म्हणाले, "काय कृष्णातराव, लई मोठं झालासा, हाक मारली तरी वळंना!" आई आतून जवळजवळ धावतच आली, आण्णांच्या पुढं जाऊन उभी राहिली, पदर सावरल्यासारखं करत त्यांच्या बाहीला हात लावला आणि ओठांनी म्हणाली, शेठ. आण्णा वळले, "या, या, बसा" म्हणाले. सगळं एवढं सफाईदार झालं की शेठना काही कळलं नाही. मला मात्र आई कळली.

शेठ गेल्यावर मी तिला विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. लिहिताना कळलं."

"लिवताना कसं कळतंय?" ती रडायलाच लागली. म्हणाली, आण्णांनी तिला शपथ घातली आहे. मागाचा आवाज बदलला की विणकराला बिघाड कळतो. ज्याला आवाजच ऐकू येत नाही त्याला सूत कोण देणार? ते आता मागावर हात ठेवून ओळखतात. "कुणाला बोलू नगंस, बाई. तुज्या त्या पुस्तकात छापलंस तर उद्या बीम यायचं बंद हुईल."

मी विचारलं, "दादा जाताना काय म्हणाला ते आण्णांना माहीत आहे?"

"काय म्हनला?" आईनं विचारलं. तिलाही माहीत नव्हतं, दादा. ती आत भाकरी थापत होती. मी सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. लेख पूर्ण झालाय. सर म्हणाले, तीन वर्षांत असं काही हातात आलं नव्हतं, हा अंकात पहिला येणार. मी ज्या गोष्टीसाठी एवढी मरत होते ती हातात आली, आणि मला ती तोंडात घास अडकावा तशी झाली आहे. छापला तर आण्णांचं गुपित चव्हाट्यावर. आमच्या वर्गात कबनूरची आणखी दोघं आहेत. नाही छापला तर मी परत बॅकबोनवर.

मी सरांना म्हटलं, मी दुसरा लेख देते, रंकाळ्यावरच्या संध्याकाळवर. सर चिडले नाहीत. म्हणाले, "दे. लेख तुझा आहे, निर्णय तुझा. पण ज्याच्यावर लिहिलंस त्याला न विचारता छापू नये, तसं त्याला न विचारता फाडूही नये."

आण्णांना कसं विचारू? 'तुम्हाला ऐकू येत नाही' हे त्यांना कोणत्या आवाजात सांगायचं?

क्रांती


कबनूर,
१२ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र बाळासोच्या हाती नको म्हणून रजिस्टर करते आहे. सही करून घे.

आज सकाळी मी लेख घेऊन मागाच्या खोलीत गेले. लाईट होती, चारही माग चालू होते. मुद्दामच तशी वेळ बघितली. शांततेत आण्णा एकटे पडतात. मागाच्या आवाजात ते आणि आपण सारखेच.

मी त्यांच्या समोर, मागाच्या पलीकडं उभी राहिले. म्हटलं, "आण्णा, तुमच्यावर लिहिलंय. वाचू का?"

"इंग्रजी हाय न्हवं? मला काय कळनार?"

"मराठीत सांगते."

आणि मी सांगायला लागले. आवाज अजिबात काढला नाही, फक्त ओठ. एक एक वाक्य मनात मराठी करत गेले. घरातली शांतता, भाकरीची थापटी, कावळा. ते माग बघत बघत माझ्याकडं बघत होते, आपण सगळे ऐकतो तसे. मग मी सांगितलं, तुमचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलेना. मी सांगितलं, तो म्हणाला, आण्णा, जाऊ का? नको म्हटलासा तर ऱ्हातो. मी सांगितलं, बाहेर हॉर्न वाजला. सगळे दचकले. तुम्ही दचकला नाही.

त्यांच्या हाताखालच्या मागावर धागा तुटला होता. कापडात चीर पडत चालली होती आणि ते बघत नव्हते. वाटलं, आता चिडतील, कागद हिसकावतील. मला बोलणं थांबवावंसं वाटलं, पण अर्ध्यावर थांबणं जास्त वाईट झालं असतं. शेवटपर्यंत सांगितलं.

आण्णांनी पहिला माग बंद केला. मग दुसरा. मग पलीकडं जाऊन तिसरा आणि चौथा. लाईट असताना त्यांनी माग बंद केलेला मी जन्मात बघितला नाही. एकदम सगळं शांत झालं. आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"इचारलं हुतं त्यानं?" आण्णा म्हणाले. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नव्हतं, घर दणाणलं. "मला इचारलं हुतं? आनि मी समद्या गावाला सांगत सुटलोय, पोरगं न सांगता गेलं!"

भिंतीपलीकडून धोंडुबाई ओरडल्या, "काय झालं गं, भांडताय का?"

ते रिकाम्या बीमवर बसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "नगं जाऊ, म्हनावं त्याला. लिव्ह. आत्ताच्या आत्ता लिव्ह."

मी म्हटलं, "आणि लेख?"

"छाप की. इजयसिंगाला इंग्रजी कुठं येतंय?" आई रडता रडता हसली. पण आण्णा हसले नाहीत. म्हणाले, "आनि त्याला कुनी वाचून दावलं, तरी छाप. किती दिस लपवायचं? म्होरं बघू." आई म्हणाली, कानाच्या डॉक्टरकडं जाऊ या. तर म्हणाले, "आदी पोरगं येऊ दे. मग कान."

त्यांनी स्वतः तो फाटलेला भाग कापून काढला आणि माग परत सुरू केले. कापताना हात थरथरत होता. मी पहिल्यांदाच बघितला आणि या खेपेला वाक्याला बरं दिसतं म्हणून लिहीत नाहीये.

दादा, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या उशिरा येतंय. पण तो आज पहिल्यांदा विचारला गेला, आणि उत्तर द्यायला त्यांना माग बंद करण्याएवढाच वेळ लागला.

दिवाळी जवळ आली आहे. येशील तेव्हा बाळासोला हॉर्न वाजवायला सांगू नकोस, त्या आवाजानं फक्त कुत्री पळतील. आत ये, मागाला वळसा घाल आणि आण्णांच्या समोर उभा राहा. आवाज नाही काढलास तरी चालेल.

क्रांती